पत्र्याखालचा स्फटिक

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की बडोदे शहरी, तरसाली मुक्कामी, शांताबेनच्या रिकाम्या गॅरेजमध्ये, एका मे महिन्यात सहा दिवस विज्ञानाचं राज्य होतं. त्या राज्याची राणी मी, प्रधान मी, सेनापती मी, आणि सकाळी साडेसातला झाडू मारणारीही मीच. प्रजा चौदा. प्रजेचं सरासरी वय साडेनऊ. कोणत्याही इतिहासात या राज्याचा उल्लेख नाही, ही चूक आज मी दुरुस्त करत आहे. वाचकांनी उभं राहण्याची आवश्यकता नाही.

यंदा निमित्त झालं ते फटकडीचं, म्हणजे आपल्या तुरटीचं. परवा अकोट्यात आमच्या वाण्याच्या दुकानी एका काचेच्या बरणीत फटकडीचे खडे दिसले. दुपारचा एक वाजत आला होता, तो शटर ओढायच्या बेतात होता. मी म्हटलं, एक खडा द्या. त्याने विचारलं, "पाण्यासाठी की दाढीसाठी, बेन?" मी म्हटलं, दोन्हीसाठी नको, नुसता बघायला द्या. बडोद्याचे वाणी सभ्य. त्याने एक मोठा खडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उन्हात धरला आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर, मला तापलेल्या पत्र्याचा वास आला. आजूबाजूला पत्रा कुठेच नव्हता.

तापलेल्या पत्र्याला वास असतो. ज्यांनी मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढली आहे त्यांना ठाऊक आहे. थोडा गंजाचा, थोडा धुळीचा, आणि गॅरेज असेल तर त्यात जुन्या ऑइलचा. शांताबेनच्या यजमानांनी त्यांची गाडी विकून टाकली होती, पण गाडीचा वास काही खरेदीदार घेऊन गेला नव्हता. जमिनीवर मधोमध एक काळा डाग होता. मी त्यावर सतरंजी घातली आणि त्या जागेला 'प्रयोगघर' असं नाव दिलं.

तो काळच तसा होता. केबल नुकतंच घरोघर आलं होतं आणि जो तो काहीतरी काढत होता. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एसटीडी बूथ निघालं, पहिल्या मजल्यावर ब्यूटी पार्लर निघालं, दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास निघाला. त्या क्लासमध्ये कॉम्प्युटर एक होता आणि चपला बाहेर काढण्याच्या सूचना तीन होत्या. मी मकरपुऱ्याला रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. अकरा वर्षं थंडगार लॅबमध्ये बसून मी निळा निळाच आहे ना आणि लाल लालच आहे ना हे तपासत होते. एके दिवशी माझ्या मनाने घेतलं की मुलांना विज्ञान पुस्तकातून नको, हातातून शिकवायचं, आणि त्यासाठी आपण काहीतरी काढायचं. भागीदार नको, संस्था नको, कोणाची परवानगी नको. मी एकटी. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, पाटी रंगवून दिली: 'प्रयोगघर. संस्थापक-संचालक: सौ. वसुधा.' आडनावाला जागा उरली नाही. अक्षरं डावीकडून मोठी सुरू होऊन उजवीकडे मुंगीएवढी झाली होती.

संस्थापक-संचालक मला कोणीच म्हटलं नाही. मराठी मुलं मावशी म्हणत, गुजराती मुलं बेन म्हणत, आणि शांताबेन म्हणत, "आपली पेली फटकडीवाली," म्हणजे 'ती तुरटीवाली'.

राजीनामा मी दिला होता, पण तो पुढे गेला नव्हता. आमचे लॅबप्रमुख दिघे साहेब जुन्या बडोदेकर घराण्यातले. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, त्यामुळे कागद पुढे सरकवण्याआधी तो नीट थोपवून धरायचा असतो हे त्यांच्या रक्तातच होतं. ते म्हणाले, "वसुधाबाई, हे पत्र माझ्या खणात राहू दे. तुम्ही आठवडाभर रजा घ्या. तुमचं ते काय असेल ते करून बघा. किती पोरं आली तर तुम्ही म्हणाल की चाललं?"

"दहा," मी म्हटलं.

"बेस. शनिवारी संध्याकाळी दहा नावं जूनच्या वर्गासाठी पक्की झाली तर पत्र पुढे पाठवतो. नाही झाली तर सोमवारी साडेआठला लॅबमध्ये. तिसरी गोष्ट नाही."

दहा मीच म्हणाले होते. आठ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बढाई मारताना माणूस नेहमी दोन जास्त सांगतो.

तर सोमवारपासून शनिवारपर्यंत फुकट वर्ग. सकाळी आठ ते दहा सात मुलं, संध्याकाळी चार ते सहा सात मुलं. सामान एकच: एक तराजू, एक स्टोव्ह, दोन भिंगं, काही परीक्षानळ्या आणि शांताबेनची लोणच्याची एक मोठी काचेची बरणी. मध्ये सहा तास कुलूप, कारण एक ते चार बडोद्यात काही होत नाही. दुकानं बंद, रस्ते रिकामे, कुत्री गटाराच्या ओल्या कडेला पसरलेली. घरोघर आमरसाचं जेवण झालेलं, कूलरची घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांवरून टपटपणारं पाणी. त्या वेळी बेल वाजवणाऱ्याला शेजारीसुद्धा माफ करत नाहीत. मला अजूनही वाटतं की या शहराचा खरा धर्म दुपारची झोप हाच आहे.

सामान एक आणि पाळ्या दोन, म्हणून मी लॅबमधली पद्धत उचलली. लॅबमध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी रजिस्टरात लिहून ठेवतो: काय केलं, काय राहिलं, पुढच्याने काय बघावं. मी एक जाडजूड रजिस्टर आणलं, दोरीने खिळ्याला टांगलं, आणि मुलांना सांगितलं की सकाळवाल्यांनी संध्याकाळवाल्यांसाठी लिहायचं, संध्याकाळवाल्यांनी सकाळवाल्यांसाठी. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. दोन्ही गटांची शनिवारपर्यंत एकमेकांशी गाठ पडणार नव्हती. त्यामुळे रजिस्टर हाच त्यांचा पोस्टमन.

सोमवारी सकाळी आम्ही कोमट पाण्यात मावेल तितकी फटकडी विरघळवली, बरणीत ओतली, आणि वरून दोऱ्याला बांधलेला एक बारीक खडा आत सोडला. पाणी निवलं की विरघळलेली फटकडी त्या खड्यावर बसत जाते आणि खडा वाढतो. आठवड्याअखेर हा एवढा स्फटिक, असं मी हाताने दाखवलं. हात जरा जास्तच लांब झाले. शनिवारी आईबाबा येतील तेव्हा तोच दाखवायचा, असं ठरलं. तो वाढला की नावं आपोआप येतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मंगळवारी सकाळच्या गटातल्या केतकीने लिहिलं. ही पाचवीतली, दोन वेण्या, एका मोठ्या डॉक्टरच्या आविर्भावात बोलणारी. "खडा हरभऱ्याएवढा झाला आहे. छान आहे. कोणी हात लावू नये."

मंगळवारी संध्याकाळी मिहिरने गुजरातीत लिहिलं. हा तिच्याच वयाचा, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा. "आम्हाला तिळाएवढा मिळाला. बाकीचा सकाळवाल्यांनी काय केला?"

बुधवारी सकाळी: "आम्ही काही केलं नाही. आत्ता पुन्हा वाटाण्याएवढा आहे. तुम्हाला दिसत नसेल तर चष्मा लावा."

बुधवारी संध्याकाळी: "मला चष्मा आहेच. तरी तीळच आहे."

गंमत बघा, बुधवारपर्यंत मलाही कळलं नव्हतं. मला, केमिस्टला, जिच्या घरी पदवीची चौकट भिंतीवर टांगलेली आहे. बुधवारी मी पावणेचारला शटर उघडायला गेले, हँडलला हात लावला आणि हात मागे ओढला. आत शिरले तर वरचा पत्रा कुटकुट वाजत होता. बरणीला बोट लावलं. पाणी कोमट नव्हतं, गरम होतं. आणि अकरा वर्षं एसीत बसून मी जे विसरले होते ते माझ्या डोक्यात लख्ख पेटलं: दुपारी पत्रा तापतो, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात जास्त फटकडी मावते, म्हणून खडा विरघळतो. रात्री पाणी निवतं आणि खडा परत जमतो. चोर कोणी नव्हता. माझंच डोकं थंड जागी राहिलेलं होतं.

आता कोणीही शहाणी बाई मुलांना हे सांगून टाकेल. पण मी माहितीपत्रक छापून बसले होते. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रयोगघरात उत्तर सांगितलं जात नाही, शोधलं जातं.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा छापलं होतं, वर आणि खाली. आणि खरंच पटलेलंही होतं. म्हणून मी गप्प बसले. समोर घर जळत असताना बादली भरून तयार आहे, पण मालकाने आधी आग म्हणजे काय ते स्वतः ओळखावं म्हणून थांबले आहे, अशी माझी अवस्था होती.

पुढे माझ्या आयुष्यात हतबल होण्याचे प्रसंग बरेच आले. आजारपणं आली, मुलाचं परदेशी जाणं आलं. पण ते सगळे बाहेरून आले. तिथे आपल्याकडून काही होऊ शकत नाही याचं एक समाधान असतं. गुरुवारची हतबलता वेगळी होती. ओठ उघडले की सगळं मिटणार, आणि ओठ उघडायचे नाहीत हे आपणच ठरवलेलं.

गुरुवारी सकाळी रजिस्टरात कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं निघालं: "चोर सकाळच्या बॅचमध्ये आहे." सकाळच्या गटातल्या जयने घरी पळत जाऊन ते सांगितलं असावं, कारण नऊ वाजता त्याची आई, हर्षाबेन, त्याला घेऊन आल्या. आल्या आल्या खिळ्यावरचं रजिस्टर हातात, डोक्यावर छत्री.

"माझ्या जयला चोर कोणी लिहिलं?"

"जयचं नाव नाहीये त्यात," मी म्हटलं.

"सकाळी सातच छोकरे आहेत. सातांत एक माझा. मग मी काय समजायचं?"

"हर्षाबेन, चोर कोणीच नाही."

"मग कोण घेऊन जातं?"

सतरंजीवर बसलेली सहा डोकी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ते मुलं शोधतायत."

"ते शोधतील तोपर्यंत आम्ही घरी," असं म्हणून त्या जयला आणि त्याच्या चुलतभावाला घेऊन गेल्या. त्याच दिवशी संध्याकाळच्या गटातल्या दोघी बहिणी मामाकडे डभोईला निघून गेल्या, कारण वेकेशन होतं आणि मामा जीप घेऊन आला होता. चौदाचे दहा राहिले. बरोबर दहा. आता एकही कमी व्हायला परवानगी नव्हती.

शांताबेन दुपारी छास, म्हणजे ताक, घेऊन आल्या. त्यांना सगळं कळत होतं, मी न सांगता. म्हणाल्या, "बेन, ही बरणी माझ्या फ्रीजमध्ये ठेव ने. रसाचं तपेलं बाहेर काढते. शनिवारी असा मोठा खडा होईल, बधा खुश, सगळेच."

मी छासचा पेला हातात घेतला. पेला गार, बाहेरून घामेजलेला. फ्रीज दहा पावलांवर. उद्या कोणी मला विचारलं की मोह कसा दिसतो, तर मी सांगेन की पांढरा, एका दाराचा, वर प्लास्टिकची फुलं ठेवलेला. मी नाही म्हटलं. शांताबेननी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्या फक्त देवदर्शनाला जाताना चप्पल काढायला विसरणाऱ्यांसाठी राखून ठेवत.

गुरुवारी संध्याकाळी मिहिर घरून ताप बघायचं थर्मामीटर घेऊन आला. आईला विचारलं होतं का, हे मी मुद्दाम विचारलं नाही. त्याने ते बरणीत बुडवलं, बराच वेळ श्वास रोखून धरला, जणू बरणीलाच इंजेक्शन देतोय. मग रजिस्टरात लिहिलं: "बरणीला ताप आहे. एकशे सहा. थर्मामीटर इथेच ठेवतो. झटकून सकाळी पण बघा. फोडू नका, मम्मीचं आहे."

शुक्रवारी सकाळी केतकीने ते झटकलं, बुडवलं, उजेडाकडे धरलं. सगळ्यांनी बघितलं. पारा जागचा हलला नव्हता. तिने लिहिलं: "सकाळी ताप नाही. पारा चढतच नाही. खडा बोराच्या बीएवढा आहे." मग तिने सगळ्यांकडे पाठ केली, आणि खाली आणखी लिहिलं: "मंगळवारी बरणीच्या तळाशी एक छोटा खडा पडला होता तो मी घरी नेला. कंपासपेटीत आहे. दोऱ्याचा नव्हता. पण नेला."

हे मी ती गेल्यावर वाचलं. रजिस्टर हातात धरून त्या ऑइलच्या डागावर, सतरंजीवर, बसून राहिले. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्यावर संशयही नव्हता. समोर फक्त एक रिकामी ओळ होती आणि संध्याकाळी कोणीतरी अनोळखी ती वाचणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मिहिर आणि बाकीच्यांनी डोकी एकत्र घातली. अर्धा तास नुसती कुजबुज. मी पाठ करून परीक्षानळ्या धुवत होते, त्या स्वच्छ होत्या. मग लिहिलं गेलं: "चोर कोणी नाही. दुपारी बरणीला ताप येतो आणि तापात खडा बारीक होतो. माणसासारखा. रात्री ताप उतरतो मग परत जाडा होतो. आज कालच्यापेक्षा जास्त गरमी आहे. उद्या चार वाजता खडा नसणार. केतकीने कंपासमधला घेऊन यावा, वाढवायला कामाला येईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उकाड्यात ते घामापेक्षा वेगळं कोणाला दिसलं नसतं, म्हणून मी ते येऊ दिलं.

आणि शनिवार. चार वाजता, कारण त्याआधी बडोद्यात कोण दार उघडणार. आई-बाबा शांताबेनच्या खुर्च्यांवर, माहितीपत्रकाने वारा घेत. दोन्ही गट पहिल्यांदाच एका सतरंजीवर. केतकी सरळ मिहिरपुढे जाऊन उभी राहिली.

"तूच का तो चष्मेवाला?"

"तूच का ती हात लावू नये?" तो म्हणाला. मग दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले की जणू पत्रातली माणसं स्टेशनवर उतरली आहेत.

मी बरणीवरचा रुमाल नाटकातल्यासारखा उचलला. आत स्वच्छ पाणी होतं आणि एक दोरा होता. बस. दोऱ्याच्या टोकाला काही नव्हतं. दहा मुलांनी टाळ्या पिटल्या. "नाहीये, नाहीये," असं ओरडत दोघं-तिघं नाचलीसुद्धा.

खुर्च्यांमधल्या दोघा-तिघांनी पुढे वाकून बरणीत बघितलं.

एक वडील म्हणाले, "ह्यात बघायचं काय?"

"नाहीये तेच बघायचंय," मिहिर म्हणाला. "आम्ही काल लिहून ठेवलेलं, नसणार म्हणून."

"बेन," दुसरे म्हणाले, "सहा दिवसांत मुलं शिकली काय?"

"खडा का जातो ते."

"पण गेला ने?"

"गेला."

त्यांनी मान हलवली, दुःखाने, माझ्याच बाजूने. मग प्रश्न आले. सर्टिफिकेट मिळणार का. पहिला नंबर कोणाचा. माझ्या मुलीने स्वतः केलेलं असं घरी न्यायला काही आहे का. कॉम्प्युटर कधी घेणार. सगळे प्रश्न सभ्य होते, वाजवी होते, आणि माझ्या माहितीपत्रकात त्यांतला एकही नव्हता. केतकीच्या आईने नाव लिहिलं. मिहिरच्या आईने थर्मामीटर परत घेतलं, पर्समध्ये ठेवलं, मग नाव लिहिलं. आणखी चौघांनी लिहिलं. सहा. बाकीचे म्हणाले, विचार करून कळवतो. बडोद्यात याचा अर्थ काय होतो हे मला सांगायला नको.

दिघे साहेब सव्वापाचला आले होते. शर्टाच्या खिशात माझं पत्र, दुमडलेलं, बाहेरून दिसेल असं. मी त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, शांताबेननी छास दिलं. मुलं अंगणात पळाली, खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. साहेबांनी काहीतरी वाचायला हवं म्हणून खिळ्यावरचं रजिस्टर ओढलं आणि नाकावर चष्मा चढवला.

आता हे सांगायला हवं. आमच्या लॅबच्या रजिस्टरात अकरा वर्षं एकच शब्द होता: नॉर्मल. पहिली पाळी नॉर्मल, दुसरी पाळी नॉर्मल. ज्या दिवशी हिरव्या रंगाचा अख्खा घाणा चुकून करडा झाला होता, त्या दिवशीही मी स्वतःच्या सुरेख अक्षरात नॉर्मल लिहिलं होतं, आणि त्याखाली दिघे साहेबांनी सही केली होती. तिथे सगळेच तसं लिहीत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सहाच झाली, साहेब. सोमवारी येते मी साडेआठला."

ते ऐकत नव्हते. बोट ओळीवरून सावकाश सरकत होतं, हरभऱ्यावरून तिळावर, तिळावरून चोरावर, चोरावरून तापावर. केतकीच्या कंपासपेटीपाशी बोट थांबलं. त्यांनी ते पान परत वाचलं. छास तसंच राहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, अंगणातल्या मुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रजिस्टर पटकन मिटत, शांताबेनसकट सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलून गेले,

"नाही नाही, वसुधाबाई, तुम्ही आता परत येऊ नका, हे असं खरं लिहायची सवय माझ्या लॅबला लागली तर दोन दिवसांत कारखाना बंद पडेल."